पगार ठरवायच्या आधी माळीकाकांबरोबर एकदा बाग फिरून या

मुलुंड पूर्वेच्या एका दादांचं पत्र आलंय. मोठं आहे, म्हणून मुद्द्याचं तेवढं त्यांच्याच शब्दांत देते.

"ताई, आमची ५६ फ्लॅटची जुनी सोसायटी. मागे छोटं लॉन, कंपाउंडला जास्वंदीची रांग, चार नारळ, एक बकुळ, मोगऱ्याचा वाफा आणि बाकी कुंड्या. बावीस वर्षं एकच माळीकाका होते, गुडघे दुखायला लागले म्हणून गेल्या दिवाळीनंतर गावी गेले. मग एजन्सी लावली, महिना ९,००० रुपये, रोज दोन तास मुलगा येतो, पण दहा महिन्यांत पाच मुलं बदलली. लॉन पिवळं पडलंय, जास्वंदीवर पांढरा कापूस आलाय, मोगरा उन्हाळ्यात फुललाच नाही. यंदा गणपतीला आम्ही पहिल्यांदाच दादरहून जास्वंद विकत आणली. शेजारच्या सोसायटीत एक अनुभवी माळी आहेत, याच भागात वीसेक वर्षं काम करतायत. ते एक दिवसाआड तीन तास यायला तयार आहेत पण ११,००० मागतात. कमिटी म्हणते, दिवस कमी आणि पैसे जास्त, कशाला? पाणीच तर घालायचंय, वॉचमनसुद्धा घालेल, बोअरचं पाणी भरपूर आहे. मी सेक्रेटरी आहे, मला ते माळी हवेत, पण कमिटीला काय सांगू आणि घेताना नक्की काय बघू?"

दादा,

गणपतीला दादरहून जास्वंद आणली हे वाचून खरंच वाईट वाटलं. ज्या सोसायटीच्या कुंपणाला जास्वंद आहे तिथे भाद्रपदात सकाळी सहा वाजता परड्या घेऊन बायका खाली उतरतात, कुणाला किती फुलं यावरून थोडं वाजतंही, आणि एकवीस दुर्वा लॉनच्या कडेलाच मिळतात. ते यंदा तुमच्याकडे झालं नाही, आणि मला वाटतं तुमच्या मनाला हेच जास्त लागलंय, पिवळ्या लॉनपेक्षा.

आधी सरळ उत्तर देते. त्या शेजारच्या माळीकाकांना घ्या. पण कमिटीत "अनुभवी आहेत, चांगले आहेत" एवढंच सांगून घेऊ नका, कारण तसं घेतलंत तर तीन महिन्यांनी कुणीतरी म्हणणारच की बघा दोन हजार जास्त देतोय आणि काय फरक पडला. काम काय आहे हे कमिटीला आधी समजलं पाहिजे, मग माणूस.

तुमच्या पत्रात मोगऱ्याचं जे आहे त्यातच सगळं आलंय बघा. आपल्याकडे मोगऱ्याला थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, पाणी कमी करून ताण देतात, जुनी पानं काढतात, छाटणी करतात, खत घालून मग पाणी वाढवतात, तेव्हा कुठे मार्चपासून कळ्या धरतात. तुमचे जुने काका गेले दिवाळीनंतर. म्हणजे छाटणीच्या बरोबर आधी. मग जी मुलं आली त्यांनी पाणी घातलं, रोज घातलं, मनापासून घातलं असेल, मोगरा हिरवागार राहिला असेल आणि फुलला नाही. यात त्या पोरांचा दोष मी धरत नाही, त्यांना कुणी सांगितलंच नसणार. पण "पाणीच तर घालायचंय" म्हणणाऱ्या कमिटी मेंबरना हे एवढं एक उदाहरण द्या, दुसऱ्या भाषणाची गरज पडणार नाही.

एजन्सी वाईट असते असं मला म्हणायचं नाहीये. मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये, जिथे आठ-दहा माणसं लागतात, सुपरवायझर असतो, मशीनने लॉन कापायचं असतं, तिथे एजन्सीशिवाय चालतच नाही. एक माणूस आजारी पडला तर दुसरा येतो, ही मोठी सोय आहे. पण तुमच्याएवढ्या बागेत अडचण अशी होते की बागेची आठवण कुणाकडेच राहत नाही. कुठल्या फ्लॅटच्या एसीचं पाणी कुठल्या कुंडीत गळतं, पावसात कुठल्या कोपऱ्यात डबकं होतं, बकुळीच्या खाली काय लावलं तर जगत नाही, हे लिहून ठेवलेलं नसतं, ते माणसाच्या डोक्यात असतं, आणि दर दोन महिन्यांनी तो माणूस बदलतो.

आणि "याच भागात वीस वर्षं" याची किंमत लोकांना कळत नाही म्हणून एक गोष्ट सांगते. मुंबईत साधारण १५ मे आणि २८ जुलै या दोन तारखांच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, पेपरात शून्य सावली म्हणून दरवर्षी छापून येतं ते हेच. या दोन तारखांच्या मधे दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे बिल्डिंगच्या उत्तरेच्या ज्या पट्ट्यात तेव्हा छान ऊन दिसतं, तिथेच दिवाळीनंतर बिल्डिंगची सावली पडते आणि फेब्रुवारीपर्यंत हटत नाही. जूनमध्ये ऊन बघून कुणी तिथे गुलाब लावले की डिसेंबरात ते काड्या होतात, मग सगळे म्हणतात माती खराब. ज्याने याच गल्लीतल्या चार बिल्डिंगींच्या बागा पावसाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत बघितल्यात तो तुम्हाला उभ्या उभ्या सांगेल, इथे गुलाब नको, इथे फर्न लावा, नाहीतर मनीप्लांट सोडा भिंतीवर.

आता घेताना काय बघायचं.

ऑफिसात बसवून इंटरव्ह्यू घेऊ नका, किती वर्षं अनुभव, कुठे कुठे काम केलं वगैरे. त्यांना सकाळी साडेसात-आठला बोलवा, चहा द्या, आणि नुसतं बागेतून एक चक्कर मारा, तुम्ही कमी बोला. ते आधी कशाकडे बघतात ते बघा. जो माणूस फुलांकडे आणि लॉनकडे बघून लगेच "हे सगळं काढू, नवीन लावू, मस्त करून देतो" म्हणतो त्याच्यापासून जरा सांभाळून, कारण सगळं नवीन म्हणजे नर्सरीचं मोठं बिल, आणि त्या बिलात त्याचं काही असू शकतं. जाणता माणूस बहुतेक वेळा खाली बघतो. मातीकडे, ड्रेनच्या तोंडाकडे, कुंडीच्या बुडाच्या भोकाकडे.

आमच्या पार्ल्याच्या सोसायटीत एक काका होते (आता नाहीत), ते मातीच्या कुंडीवर बोटाच्या पेराने टकटक करायचे, दारावर करतो तसं. कोरडी असेल तर खणखण वाजते, ओली असेल तर बद्द आवाज येतो. दोन-तीन कुंड्या वाजवून पुढे जायचे, मधेच एकीच्या मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसायचे, बाहेर काढून बघायचे, माती चिकटली की म्हणायचे "आज नको हिला". पाईप घेऊन सरसकट सगळ्यांवर फवारा मारताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. ऐंशी कुंड्या होत्या आमच्याकडे आणि प्रत्येकीला वेगळं पाणी. प्लास्टिकच्या कुंडीला हे वाजवणं चालत नाही, तिथे ते कुंडी जरा तिरकी करून वजन बघायचे.

तर तुमच्या या काकांना जास्वंदीपाशी नेऊन उभं करा आणि विचारा, हे काय झालंय. पांढरा कापूस म्हणजे मिलीबग, पिठ्या ढेकूण म्हणतात. नाव सगळेच सांगतील. पुढे काय करतात ते महत्त्वाचं. पान उलटं करून शिरेपाशी बघतात का, फांदीच्या बेचक्यात बघतात का, आणि मुंग्या बघतात का. मिलीबग गोड चिकटा सोडतो, मुंग्या त्या चिकट्यासाठी त्याला सांभाळतात, एका फांदीवरून दुसरीवर नेतातसुद्धा, त्यामुळे मुंग्यांचा रस्ता तोडल्याशिवाय नुसती फवारणी करून तो परत येतोच. ज्याला हे माहितेय तो आधी खोडापाशी वाकेल. मग म्हणेल की जास्त लागलेल्या फांद्या कापून पिशवीत बंद करून टाकायच्या, खड्ड्यात खतासाठी नाही टाकायच्या, उरलेल्यावर पाण्याचा जोरात फवारा मारायचा आणि संध्याकाळी ऊन गेल्यावर लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून फवारायचं, आठ दिवसांनी परत, असं तीन-चार वेळा. शब्द थोडे वेगळे असतील, प्रमाण थोडं वेगळं असेल, चालेल. पण जो पहिल्याच भेटीत "जालीम औषध आहे माझ्याकडे, एका दिवसात साफ" म्हणेल त्याला नम्रपणे नको म्हणा. तुमच्याकडे त्या लॉनवर पोरं लोळतात, आणि त्याच जास्वंदीची फुलं लोक देवघरात आणि तेलात घालतात. आणि हे काम लांबवू नका, पावसाने कीड थोडी धुतली जाते पण ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की पुन्हा जोर धरते.

मग लॉनपाशी जा. इथे मला तुमचं एक वाक्य खटकलं, बोअरचं पाणी भरपूर आहे. तुमच्या मुलुंड पूर्वेला मिठागरं किती जवळ आहेत, एक अख्खा रस्ता त्या नावाचा आहे, तेव्हा बोअरचं पाणी थोडं खारं असू शकतं. एकदा चाखून बघा, किंवा पाण्यातले क्षार मोजायच्या साध्या टीडीएस मीटरने मोजा, कुणाच्या तरी घरी तो असतोच. खाऱ्या पाण्याने पानांच्या कडा आधी तपकिरी होतात, करपल्यासारख्या, आणि मातीवर पांढरी पापडी येते. तुमचे जुने काका कदाचित आठवड्यातून एक-दोनदा महापालिकेचं पाणी देऊन माती धुऊन घेत असतील आणि कुणाला सांगितलंही नसेल. अर्थात लॉन पिवळं पडायला दुसरी कारणंही आहेत, फार खालून कापलं, पाणी साचलं, सावली वाढली. लॉन मेक्सिकन गवताचं असेल तर त्याला ऊन लागतंच, झाडाच्या दाट सावलीत ते विरळ होत जातं, कितीही युरिया टाका. मी न बघता नक्की सांगू शकत नाही आणि तुमचे नवे काकाही पहिल्या दिवशी सांगू शकणार नाहीत, ते खुरपीने एक वीतभर तुकडा उचलून मूळ बघतील आणि म्हणतील "आठ दिवस द्या". असं म्हणणारा माणूस मला आवडतो.

अजून एक प्रश्न विचारायचा, "इथून काय काढाल?" काय लावाल ते सगळे सांगतात. काय काढायचं ते सांगायला धीर लागतो कारण एखादं रोप चेअरमनच्या मिसेसनी लावलेलं असतं.

आणि शेजारच्या सोसायटीत जाऊन त्यांचं काम बघा. पुढची बाजू नको, ती सगळेच नीट ठेवतात. मागची भिंत, मीटर रूमच्या बाजूचा पट्टा, कचऱ्याचा कोपरा बघा. त्यांची कात्री हातात घेऊन बघा, पातं पुसलेलं आहे की चिकाने काळं झालंय. गुलाबाची किंवा जास्वंदीची कापलेली फांदी बघा, काप तिरका आहे का, डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवा फुटवा येतो त्याच्या, थोडा वर आहे का, की मोडून ओढल्यासारखा सालटं निघालेला आहे. एवढं बघितलंत की बाकी शिफारशी नकोत. त्या सोसायटीच्या सेक्रेटरींनाही एक फोन करा, पण तो मुख्यतः हे सांगायला की आम्ही तुमच्या माणसाला बोलावतोय आणि तुमच्या वेळेला हात लावणार नाही. शेजाऱ्यांमध्ये यावरून कटुता आलेली मी पाहिलीये.

आता पैसे. तुमच्या कमिटीने दिवस मोजले, मी तास मोजून बघितले. एजन्सीचा मुलगा २६ दिवस रोज दोन तास, म्हणजे ५२ तास. काका एक दिवसाआड तीन तास म्हणजे साधारण ४० ते ४५ तास. हिशेबाने कमीच आहे, खरंय, कमिटीला ते लपवू नका. पण रोजच्या दोन तासांत पाईप सोडणं आणि झाडणं यापलीकडे काही होत नाही. सलग तीन तास मिळाले तर माणूस पंधरा कुंड्यांची माती मोकळी करतो, एक वाफा खुरपतो, एक रांग छाटतो. मधल्या दिवसाचं साधं पाणी वॉचमनने घालायला माझी हरकत नाही, तिथे तुमची कमिटी बरोबर आहे, फक्त कुठल्या कुंड्यांना घालायचं ते काका सांगतील, आणि वॉचमनला त्याचे वेगळे पैसे द्या. वरचे दोन हजार ५६ घरांत वाटले तर घरटी महिन्याला ३६ रुपये होतात. हा आकडा मीटिंगमध्ये मोठ्याने वाचा. आणि ११,००० वरून दहा करा, साडेदहा करा असली घासाघीस कृपा करून करू नका. माणूस कमी पैशांत येईलही, पण मग तो तीन तासांचे दोन करणार आणि त्याला दोष देता येणार नाही.

खत, माती, औषध यांचे पैसे पगारात धरू नका, वेगळे ठेवा. शेणखत, गांडूळखत, नीमपेंड, लाल माती, कोकोपीट यांची यादी काका देतील, खरेदी सोसायटीने करावी, बिल सोसायटीच्या नावाने घ्यावं. दोघांच्याही डोक्याला शांतता राहते. वर्षातून एक-दोनदा काकांना घेऊन घोडबंदरच्या नर्सऱ्यांकडे किंवा आरेतल्या नर्सऱ्यांकडे जा, टेम्पोभर सामान एकदम आणलं की स्वस्त पडतं, आणि रोप निवडताना ते कसं निवडतात तेही बघायला मिळतं, फुलांनी लगडलेलं बाजूला ठेवून बुटकं, भरीव खोडाचं उचलतात. जानेवारी-फेब्रुवारीकडे राणीच्या बागेत महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं, तिथेही त्यांना घेऊन जा, भाडं सोसायटीने द्यावं. आम्ही नेलं होतं आमच्या काकांना, ते तिथल्या माळ्यांशी तासभर बोलत उभे होते, आम्हाला विसरूनच गेले.

सुट्टीचं आधीच बोलून घ्या. मे महिन्यात किंवा गणपती-शिमग्याला ते गावी जाणार, जायलाच पाहिजे, तर त्या दिवसांत त्यांच्या ओळखीचा कोण येईल आणि त्याचे पैसे कसे द्यायचे. महिन्याचा पगार बँकेत, ठरल्या तारखेला. दिवाळीचा बोनस. हत्यारं ठेवायला कुलपाची जागा, हातमोजे, पावसाळ्यात गमबूट. आणि टॉयलेट. साठीकडे झुकलेला माणूस तीन तास उन्हात काम करतो आणि त्याला टॉयलेटसाठी स्टेशनपर्यंत जावं लागतं, अशा सोसायट्या मुंबईत आहेत, चांगल्या सुशिक्षित लोकांच्या आहेत. तुमच्याकडे वॉचमनचं टॉयलेट असेल तर त्याची किल्ली पहिल्या दिवशी द्या, मागायला लावू नका.

इथे मला आमच्याकडे घडलेलं सांगायचंय, बरीच वर्षं झाली पण माझ्या मनातून जात नाही. पार्किंगवर गुलमोहराच्या फांद्या येत होत्या, कुणीतरी गाडीवर फुलं पडतात म्हणून तक्रार केली, आणि आमच्या तेव्हाच्या कमिटीने माळीकाकांना शिडी आणि कोयता देऊन वर चढवलं. शिडी सरकली. दहा फुटांवरून पडले, मनगट मोडलं, कोपराला लागलं. मग मीटिंगमध्ये तासभर चर्चा काय, तर हॉस्पिटलचे पैसे सोसायटीने का द्यायचे, ते काही आपले पर्मनंट नाहीत. मी तिथे बसले होते आणि मला लाज वाटत होती. शेवटी काही घरांनी आपापले काढून दिले. काका तीन महिन्यांनी परत आले पण डाव्या हाताने कात्री धरायचे.

म्हणून दोन गोष्टी लिहून घ्या. पहिली, झाडावर चढणं आणि मोठ्या फांद्या तोडणं हे माळ्याचं काम नाही. आणि परवानगीशिवाय तर कुणाचंच नाही. महाराष्ट्रात १९७५ पासून शहरांतल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, आपल्या आवारातलं झाड असलं तरी ते तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि फांद्या छाटायच्या असतील तरी आधी वॉर्डातल्या उद्यान खात्याकडे अर्ज करायचा, तुमचा टी वॉर्ड. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांच्या वरची झाडं हेरिटेज धरतात. तुमची बकुळ सोसायटीच्याही आधीची असेल तर तिचं वय जरूर काढा. नारळांचं तर अजून महत्त्वाचं. २०१७ च्या जुलैमध्ये चेंबूरला नारळाचं झाड अंगावर पडून एका बाईंचा जीव गेला होता, आणि मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी मुंबईत किती झाडं पडली ते आपण सगळ्यांनी बघितलंय. दरवर्षी एप्रिलमध्येच नारळ काढणाऱ्या माहीतगार माणसाला बोलावून सुकलेल्या झावळ्या आणि नारळ उतरवून घ्या, चारही झाडांचे शेंडे आणि बुंधे तपासून घ्या. माळीकाकांचं काम एवढंच की खालून लक्ष ठेवायचं, बुंध्याला भोक दिसलं, भुसा दिसला, झाड कललं तर तुम्हाला सांगायचं. आणि बुंध्याभोवती सिमेंट, पेव्हर ब्लॉक घट्ट बसवले असतील तर ते निदान मीटरभर मोकळे करा, मुळांना श्वास घेऊ द्या.

दुसरी, काम करताना इजा झाली तर उपचाराचा खर्च सोसायटी करेल असा ठराव आत्ताच करून ठेवा, कुणी पडायच्या आधी. सोबत काकांचं पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचं बघा, १८ ते ७० वयाच्या, बँकेत खातं असलेल्या कुणालाही घेता येतं, वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जातात आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख मिळतात. हाड मोडलं तर यातून काही मिळत नाही, म्हणूनच ठराव वेगळा लागतो. असंघटित कामगारांसाठीचं ई-श्रम कार्डही नसेल आणि ते वयात बसत असतील तर काढून द्या, सोसायटीतल्या कॉलेजच्या एखाद्या मुलाला मोबाईल घेऊन त्यांच्याशेजारी बसवा, त्याच्याने होईल.

मग राहिलं ते, त्यांना कोण सांगणार. एकच माणूस. तुम्ही किंवा अजून कुणी, पण एक. नाहीतर सकाळी पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणतात तुळशीला पाणी घाल, तिसऱ्या मजल्यावरून हाक येते माझ्या बाल्कनीतल्या कुंड्या जरा बघून जा, चेअरमन म्हणतात गेटपाशी आधी, आणि तीन तास संपतात. कुणाला घरच्या कुंड्यांचं काम करून घ्यायचं असेल तर काकांच्या वेगळ्या वेळेत, वेगळे पैसे देऊन. काकांना विचारून आठवड्याची कामं एका कागदावर मराठीत लिहा, किंवा ते ज्या भाषेत वाचत असतील त्या भाषेत, आणि नोटीस बोर्डवर लावा म्हणजे लोकांना दिसेल की आज खुरपणीचा दिवस आहे. त्यात एक काम पक्कं लिहा, दर आठवड्याला सगळ्या बशा, ट्रे, रिकाम्या कुंड्या ओतून घासायच्या. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवडा चुकवायचा नाही.

कमिटीला सांगा की मार्चपर्यंत आम्ही निकाल मागणार नाही. ऑक्टोबरमध्ये गुलाब आणि जास्वंदीची छाटणी होईल तेव्हा बाग आणखी उघडीबोडकी दिसेल, लोक म्हणतील आता तर होतं तेही गेलं, तेव्हा तुम्हाला काकांच्या बाजूने उभं राहावं लागेल. डिसेंबर-जानेवारीत मोगऱ्याची पानं काढतील तेव्हाही. आणि जर मार्च-एप्रिलमध्ये मोगऱ्याला कळी आलीच नाही तर जरूर बसून विचारा काय झालं. अनुभवी माणसाकडूनही चुकतं, पण तो कारण सांगू शकला पाहिजे.

शेवटची एक गोष्ट आजच करा. तुमच्या जुन्या काकांचा गावचा नंबर कुणाकडे तरी असेलच. त्यांना व्हिडिओ कॉल लावा, नवीन काकांना शेजारी उभं करा आणि फोन हातात घेऊन अख्खी बाग हळूहळू फिरवा. आमच्याकडे असंच केलं होतं, पाऊण तास चालला होता कॉल. कुठल्या वाफ्याखाली जुनं डेब्रिज आहे, कुठला व्हॉल्व उलटा फिरतो, कुठल्या नळाला कुठलं पाणी येतं, सगळं त्या पाऊण तासात निघालं. आणि त्यांना विचारा, तुमच्या जास्वंदीच्या फांद्या त्यांनी इतक्या वर्षांत आजूबाजूला कुणाकुणाला दिल्या. बावीस वर्षांत नक्की दिल्या असणार. ज्यांच्याकडे त्या निरोगी वाढल्यात त्यांच्याकडून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या दहा-बारा काड्या मागून आणा, कीड नाहीये ना ते नीट बघून घ्या, आणि काकांना लावायला द्या. आत्ता, दसऱ्याच्या आधी. पुढच्या भाद्रपदाला अकरा महिने आहेत.